निवडुंगाची बाजू

४ जानेवारी, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज चार ओळी लिहा. मजकुराशी त्यांना देणंघेणं नाही, त्यांना अक्षर हवंय. दोन महिन्यांनी वही दाखवायची, म्हणजे हाताची थरथर वाढतेय की आहे तेवढीच आहे ते कळेल. डायरी औषधाच्या दुकानातून फुकट मिळाली. प्रत्येक पानाच्या तळाशी खोकल्याच्या औषधाची जाहिरात आहे.

तर मी घड्याळं दुरुस्त करतो. वय त्रेसष्ट. खाली दुकान, वर घर. उजवा हात सहा महिन्यांपासून मधूनच आपल्या मनाने हलतो. ही गोष्ट घरात कुणाला माहीत नाही आणि माहीत व्हायलाही नको. हिला कळलं तर दुकानाला कुलूप लावून किल्ली अशी लपवेल की तिची तिलासुद्धा सापडणार नाही. आणि दुकान नसलं तर मी कोण? बोलायला लागलो की अडखळणारा एक म्हातारा. ‘घ’ हे अक्षर माझं जन्माचं वैरी, आणि धंदा नेमका घड्याळांचा. ‘क’ आणि ‘छ’ ही त्याची चुलत भावंडं.

चार ओळी केव्हाच झाल्या. तोंडात अडकलेलं सगळं माझ्या लिहिण्यातून सांडतं, असं बाबा म्हणायचे.

६ जानेवारी, बुधवार

ताई आली. पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं, आता सहा आठवडे आमच्याकडे. भावजी जाऊन सहा वर्षं झाली, लेक परदेशात. तिकडे एकटीने कसं निभणार? दोघांनी खुर्चीत बसवून तिला जिना चढवला. वर पोचेपर्यंत ती त्या दोघांना पाय कुठे ठेवायचा ते सांगत होती. बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिची कॉट टाकली.

पाठ टेकल्या टेकल्या म्हणाली, “टिक्या, हे भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे. घड्याळजीच्या घरात!”

मी म्हटलं, “ग-गिऱ्हाइकांची आधी.”

“वन्सं, तुम्हीच सांगा त्यांना,” ही स्वयंपाकघरातून म्हणाली. “मी सांगून थकले.”

दोघी एकत्र आल्या म्हणजे माझी काही धडगत नाही. पण बरं वाटलं. घरात बहिणीचा आवाज असणं ही चांगली गोष्ट आहे, मग तो मला बोलण्याचा का असेना.

९ जानेवारी, शनिवार

भिंतीवरच्या घड्याळाला तेल दिलं. लंबकही जरा वर घेतला. आता बघू म्हणावं.

दुपारी नाण्यांची पेटी काढली. ती अल्बममध्ये नीट लावायची हे दहा वर्षं चाललंय. हात धड आहे तोवर उरकलं पाहिजे.

ही नाणी मेक्सिकोची. तिथे राजाची सत्ता जाऊन प्रजासत्ताक आलं, त्यानंतरच्या पहिल्या चाळीसेक वर्षांतली. मोठे रुपयासारखे डॉलर सगळेच जमवतात. मी जमवतो ती चिल्लर. अर्धा रियाल कोटाच्या बटणाएवढा, पाव रियाल शर्टाच्या. चांदीची, पण इतकी पातळ की तळहातावर ठेवली तर वजन कळत नाही. अर्ध्या रियालच्या एका बाजूला पंख पसरलेला पक्षी निवडुंगावर बसून साप खातोय. दुसऱ्या बाजूला एक टोपी, तिच्याभोवती किरण, आणि टोपीवर मुंगीच्या अक्षरांत ‘स्वातंत्र्य’. खाली टांकसाळीची खूण, साल, चांदी तपासणाऱ्याची आद्याक्षरं. एवढ्याशा जागेत इतकं सगळं! ज्याने ठसा कोरला त्याचा हात किती स्थिर असेल.

माझ्याकडे अर्धे रियाल एक्केचाळीस आहेत आणि पाव रियाल नऊ. पावावर पक्षी नाही, एका बाईचं मस्तक आहे. ही म्हणते की ती बाई तिच्याकडे रागाने बघते.

१० जानेवारी, रविवार

हीच नाणी का, असं लोक विचारतात. बोलून सांगायला मला अर्धा तास लागतो, म्हणून कुणी ऐकलेलं नाही. इथे लिहितो.

बाबांकडे असाच एक अर्धा रियाल होता. कुणा गिऱ्हाइकाच्या साखळीतून तुटून पडला होता, भोक पाडलेला, सालातला शेवटचा आकडा झिजलेला. गिऱ्हाईक म्हणालं राहू द्या. तेव्हापासून घरातली सगळी भांडणं त्यावर मिटायची. भांडी कोण घासणार, खिडकीत कोण बसणार, टाका छापा-काटा.

मी सोळा वर्षांचा, ताई एकोणीस. बाबा म्हणाले, एका भिंगावर दोन घरं चालत नाहीत. एकाने माझ्याजवळ शिकायचं, दुसऱ्याने पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात जायचं. तिथे तक्रारखिडकीवर एक जागा होती, बाबांच्या ओळखीने सोमवारपर्यंत राखलेली. ताई तोवर दोन वर्षं बाबांच्या शेजारी उभी राहून शिकत होती. मी नुकताच परीक्षेत आपटलो होतो आणि तेव्हा माझं बोलणं आजच्याहून वाईट होतं. दोघांनाही दुकानातलं कारागिराचं स्टूल हवं होतं. दोघंही हटेनात. शेवटी बाबांनी नाणं काढलं.

ताईने काटा मागितला. नाणं टेबलावर फिरलं, पडलं. पक्षी वर! मी ओरडलो, “छापा!” बाबांनी डोळ्याचं भिंग काढलं आणि विचारलं, “नक्की?” ताई म्हणाली, “हो. तो जिंकला.” हरली म्हणून समजुतीला ताईला नाणं मिळालं, मला स्टूल.

सत्तेचाळीस वर्षं झाली. त्या स्टुलाने मला अन्न दिलं, लग्न दिलं, आणि मान खाली घालून गप्प बसायचा हक्क दिला. एका इवल्या नाण्याने उलटं पडायचं नाकारलं म्हणून. त्याचे उपकार कसे फेडायचे? म्हणून त्याची भावंडं जिथे दिसतील तिथून घरी आणतो.

१७ जानेवारी, रविवार

भिंतीवरचं घड्याळ आठवडाभर सेकंदाला सेकंद बरोबर. तेल चांगल्या प्रतीचं असलं की असं होतं. ताईला दाखवलं. ती म्हणाली, “हो बाबा, तुझ्या हाताला गुण आहे,” आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मान्य करायला जड जातं माणसाला.

हिची काटकसर वाढलीय. हल्ली चहा अर्धाच कप देते. संपला की पुन्हा अर्धा. दोन फेऱ्या मारते, पण भरून म्हणून देत नाही. विचारलं तर म्हणाली, “गरम राहतो.”

माझं डोळ्याचं भिंग सापडत नव्हतं. ताईच्या उशीखाली निघालं. वर्तमानपत्र वाचायला घेतलं होतं म्हणे.

२१ जानेवारी, गुरुवार

अल्बमच्या चिठ्ठ्या लिहायला बसलो. तिसऱ्या चिठ्ठीवर ‘१८’चा आठ असा काही वाकडा आला, जणू कुणी कोपराला धक्का दिला. ताई बघत होती. मी पेन झटकून म्हटलं, “श-शाई वाईट आहे.”

“आण इकडे,” ती म्हणाली. “आयुष्यभर लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्या. आता तुझ्या चिठ्ठ्या लिहिते.”

मी सांगतो, ती लिहिते. अक्षर अजून तसंच, एकेक टपोरं. नाणं चिमट्यात धरून प्रकाशात तिरकं करते, आणि मला भिंगातून न दिसलेली आद्याक्षरं सांगते. तिला एवढी आवड असेल असं वाटलं नव्हतं.

२४ जानेवारी, रविवार

भांडण झालं. मजेशीर आहे म्हणून लिहितो.

चिठ्ठ्या तपासत होतो. प्रत्येकीवर ताईने लिहिलेलं: ‘छापा – टोपी. काटा – पक्षी.’ मी म्हटलं, “ताई, उ-उलटं लिहिलंस.”

“कसं काय?”

“पक्षी म्हणजे त्यांचं राजचिन्ह. राजचिन्ह तो छ-छापा. सगळ्या पुस्तकांत तसंच आहे.”

“पुस्तकांत असेल. आपल्या घरात पक्षी म्हणजे काटा. त्याच्या बुडाखाली निवडुंग आहे. काटे दिसत नाहीत तुला?”

“आपल्या घरात असं क-कधी होतं?”

ती काही बोलायला गेली आणि थांबली. पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. मग म्हणाली, “नसेल. माझाच घोटाळा होत असेल. हाडाबरोबर डोकंही आपटलं असेल. दे, खोडते.”

ताई आणि एका वाक्यात माघार! ही आतून बघायला आली, ताप-बिप आहे का म्हणून. चाळीसेक चिठ्ठ्या तिने मुकाट्याने पुन्हा लिहिल्या. मी जिंकलो, पण का कोण जाणे, चहा गोड लागला नाही. तोही अर्धाच होता.

२८ जानेवारी, गुरुवार

टपालखात्यातल्या बाईंचं मनगटी घड्याळ गेले दहा दिवस पडून आहे. नखाएवढं यंत्र. आतली केसासारखी कमान वाकलीय. तीनदा बसलो, तीनदा हाताने दगा दिला. शेवटी सगळे भाग वाटीत झाकून वर आणले आणि बाहेरच्या खोलीत टेबलावर ठेवून दिले. बाईंना काय सांगावं कळत नव्हतं. दुपारी जेवून झोपलो, खरं तर भिंतीकडे तोंड करून नुसता पडलो. आता लपवणं कठीण आहे.

२९ जानेवारी, शुक्रवार

चमत्कार! वाटी उघडली तर घड्याळ जोडलेलं आणि चालू. मीच काल जोडलं असणार आणि थकव्यात विसरलो. कमान आपोआप जागेवर आली असेल. घड्याळांनाही विश्रांती लागते, बाबा म्हणायचे. (म्हणायचे का? आठवत नाही, पण म्हणण्यासारखं आहे.) बाई खूश झाल्या. म्हणाल्या, “तुमच्यासारखा हात गावात नाही.” मी हात खिशात घातला.

३ फेब्रुवारी, बुधवार

सावकाश लिहितो, नाहीतर वाचता येणार नाही.

सकाळी चिमट्यातून स्क्रू निसटला. टेबलाच्या मधल्या खणात पडला आणि मागच्या फटीत गेला. तो खण बाबांच्या काळापासून पूर्ण असा कधी बाहेर काढला नव्हता. काढला. स्क्रू मिळाला. खणाच्या मागच्या फळीवर, आतल्या बाजूने, बाबांच्या पेन्सिलीने लिहिलेलं होतं:

‘टोपी = छापा. निवडुंग = काटा. यापुढे भांडण नको.’

खाली तारीख. मी तेव्हा सात वर्षांचा असणार.

स्टुलावर बसलो तो बसूनच राहिलो. मग एकेक आठवायला लागलं. भांडी घासायच्या वेळी ताई ओरडायची, “निवडुंग, निवडुंग!” आणि मी, “टोपी!” शेकडो वेळा. मला माहीत होतं. मला नियम माहीत होता!

त्या दिवशी पक्षी वर होता. म्हणजे निवडुंग वर होता. ताईने काटा मागितला होता.

आणि बाबांचं ते “नक्की?” मला नव्हतंच.

४ फेब्रुवारी, गुरुवार

दुकान उघडलं नाही. सर्दी झाली म्हणून सांगितलं.

७ फेब्रुवारी, रविवार

तीन दिवस ताकाला जाऊन भांडं लपवत होतो. आज ही बाहेर गेल्यावर तो खण वर नेला आणि ताईच्या मांडीवर ठेवला.

तिने वाचलं. बाबांच्या अक्षरावरून बोट फिरवलं.

“सापडलं होय,” म्हणाली.

“तू ज-जिंकली होतीस.”

“हो.”

“मग बोलली क-का नाहीस? मी खोटं बोललो असं व-वाटलं तुला?”

“छे रे. खोटं बोलायची अक्कल कुठे होती तुला? घाबरला होतास, डोक्यातून नियम उडाला.”

“मग क-का?”

ती खणातला जुना लोखंडाचा कीस वेचायला लागली. मग म्हणाली, “टिक्या, परीक्षेचा निकाल लागल्यापासून तू बोलतच नव्हतास. दोन महिने. पाणी मागायला पेला दाखवायचास. आठवतंय? आणि नाणं पडलं आणि तू ओरडलास, ‘छापा!’ एका दमात. छ अडकला नाही. बाबांनी भिंग काढलं ते त्यासाठी. आता ह्याला मी सांगू, की नाही रे राजा, चुकलास? आणि सोमवारी तुला तक्रारखिडकीत बसवू? रांगेतल्या लोकांनी फाडून खाल्लं असतं तुला.”

मी खण तिच्या मांडीवरून उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

“तुला वाईट नाही वाटलं?” मी विचारलं.

“वाटलं तर. खूप वाटलं. तेव्हा आपण इथे वर राहत नव्हतो. पहिलं वर्षभर मी ऑफिसला जाता-येता या रस्त्याने जातच नव्हते, पलीकडच्या गल्लीने जायचे. दुकान दिसायला नको म्हणून. मग एकदा छत्री नव्हती म्हणून इकडून आले. तू काचेमागे मान खाली घालून शीळ घालत होतास. म्हटलं, चला, एक तरी घड्याळ बरोबर लागलं.”

सत्तेचाळीस वर्षं मी नाण्याचे उपकार मानत होतो. पन्नास नाणी गोळा केली. आणि जिचे मानायचे ती दर वर्षी घरी येऊन माझ्या घड्याळांना नावं ठेवून, जेवून, जात होती.

मी तिचे पाय धरले. ती ओरडली, “अरे तो डावा! ऑपरेशनचा आहे!”

मग दोघंही हसलो आणि मग मी रडलो. लिहायला लाज वाटत नाही. अक्षर हललंय ते हातामुळेच असं डॉक्टरीणबाईंनी समजू नये.

मी खण उचलून निघालो तेव्हा तिने विचारलं, “हात कधीपासून?”

“क-कसला हात?”

“गप. भिंतीवरच्या घड्याळाच्या चाकाचा दात झिजलेला होता, तेलाने काय होणार होतं? तू खाली असताना तुझ्या बायकोने ते उतरवून माझ्या कॉटवर दिलं, तेव्हा कुठे चाललं. आणि त्या टपालवाल्या बाईची कमान तुझ्या आजीने सरळ केली काय?”

८ फेब्रुवारी, सोमवार

हिला हाताचं सांगितलं. सगळी तयारी करून, पाणी पिऊन, एकेक शब्द जुळवून. तिने भाजी चिरणं न थांबवता ऐकलं.

“बरं झालं सांगितलंत,” म्हणाली. “आता कप भरून देऊ की अर्धाच?”

म्हणजे काटकसर नव्हती. मी किती मूर्ख आहे हे या डायरीतल्या मागच्या पानांवरून कुणालाही कळेल. पण मूर्ख माणसाला अशी माणसं मिळतात, तर शहाणं होऊन काय मिळवायचं? तिला मी थँक्यू म्हटलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पहिल्यांदाच. तिने सुरी खाली ठेवून माझ्या कपाळाला हात लावला, ताप बघायला.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

चिठ्ठ्या सगळ्या तिसऱ्यांदा लिहिल्या. छापा टोपी, काटा पक्षी. पुस्तकं काहीही म्हणोत. ताई कुरकुरत होती, “एकदा ठरवा बाबा तुमच्या मेक्सिकोचं.”

१७ फेब्रुवारी, बुधवार

सहा आठवडे झाले. तपासणी झाली, ताई काठी घेऊन चालते. उद्या घरी जाते म्हणत होती. मी म्हटलं, आधी खाली चल. जिना उतरायला पंधरा मिनिटं लागली. मागून ही, पुढून मी, आणि मधून सूचना.

दुकानात ती सत्तेचाळीस वर्षं गिऱ्हाइकांच्याच बाजूला उभी राहिलेली. आज टेबलाच्या या बाजूला आली. चिमटे, तेलाच्या कुप्या, दिवा, सगळं बघितलं. बाबांचा चिमटा ओळखला. टेबलावर मी काल उघडलेलं एक लहान घड्याळ तसंच होतं, मला न जमलेलं.

“स्टूल एकच आहे,” मी म्हटलं. “टाकू या. नाणं आहे?”

तिच्या किल्ल्यांच्या जुडग्यात ते कायम असतं, भोकातून कडी ओवलेली. तिने ते सोडवून माझ्या हातावर ठेवलं. झिजून इतकं गुळगुळीत झालंय की पक्ष्याला आता डोळाच नाही.

“बोल,” मी म्हटलं.

“काटा,” ती म्हणाली. “नेहमीचंच.”

मी उडवलं. हात थरथरतच होता, त्यामुळे नाणं आणखीच छान फिरलं. टेबलावर पडून घरंगळलं आणि दिव्याखाली थांबलं. टोपी वर होती. किरणांसकट स्वच्छ दिसत होती.

“काटा!” मी म्हटलं.

क अडकला नाही.

ताईने नाण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. ही दारात उभी होती, तीही बघत होती.

“नक्की?” ताईने विचारलं.

“हो,” मी म्हटलं. “तू जिंकलीस.”

तिने काठी टेबलाला टेकवली, दोन्ही हातांनी कडेचा आधार घेत स्टुलावर बसली, आणि भिंग डोळ्याला लावलं.

“उजेडातून बाजूला हो,” म्हणाली.